टिटवी छाप घेऊ नका

मी एक जुना रॅचेट आहे आणि माझ्या डोक्यात स्प्रिंग नाही. मित्रांनो, हे आधीच सांगितलेलं बरं, कारण या घरात येणाऱ्या-जाणाऱ्याला माझी ओळख बिघडलेलं हत्यार म्हणूनच करून दिली जाते. डोक्यात काही नसूनही ज्यांचं उत्तम चालतं अशी माणसं पुष्कळ असतात, पण हत्यारांना ती सवलत नाही.

ज्यांनी हत्यारांचा डबा कधी उघडून पाहिला नाही, त्यांना थोडं समजावून सांगतो. रॅचेट म्हणजे बोल्ट फिरवायचा दांडा. साध्या पान्याने बोल्ट आवळायचा तर दर वेळी पाना काढा आणि पुन्हा बसवा, असा खटाटोप करावा लागतो. मी मात्र एका बाजूला बोल्ट फिरवतो आणि उलट येताना कर्र कर्र करत मोकळाच परत येतो. ही करामत आहे माझ्या डोक्यातल्या दातेरी चाकाची, त्याला अडवणाऱ्या एका खिट्टीची आणि त्या खिट्टीला मागून रेटणाऱ्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या स्प्रिंगची. ती स्प्रिंग नसली की खिट्टी चाकावरून घसरते आणि दांडा नुसताच फिरतो. शिवाय माझी मान वळते. जिथे सरळ मानेचा दांडा शिरत नाही तिथे मी मान वाकवून शिरतो. वाकल्या मानेला लोक हसतात खरे, पण अडचणीच्या जागी तीच कामाला येते.

माझा जन्म कारखान्यातला. लालभडक पोलादावर घणाचे घाव पडले, मग मला तेलात बुडवलं, घासलं, चकचकीत केलं आणि दांड्यावर एका टिटवीचा ठसा उमटवला. तपासणीच्या टेबलावर एक पोक्त बाई बसायची. ती प्रत्येक रॅचेट कानाशी धरून तीनदा फिरवायची. आवाज पसंत पडला तर खोक्यात, नाहीतर टोपलीत. मला तिने तीनदा फिरवलं, मग उगाच आणखी एकदा फिरवलं आणि शेजारणीला म्हणाली, याचा आवाज गोड आहे. एवढं कौतुक पुढे फार वेळा वाट्याला आलं नाही, म्हणून मी ते जपून ठेवलं आहे.

तिथून मी एका हत्यारांच्या दुकानात आलो. काचेच्या कपाटात माझ्या एका बाजूला बुरूज छापाचा रॅचेट होता आणि दुसऱ्या बाजूला सांबर छापाचा. तिघांच्याही माना वळणाऱ्या. बुरूज लांब दांड्याचा, दणकट. मान हव्या त्या कोनात वळवून खटका दाबला की ती तिथेच पक्की होई. त्याचा तोरा काही विचारू नका. सांबर सडपातळ, दिसायला देखणा. माझ्याकडे ना खटका ना रूप. माझ्या चाकाला बहात्तर दात आहेत, एवढीच काय ती माझी मिळकत.

माझे मालक दुकानात आले ते बगलेत पुठ्ठ्याचं एक खोकं मारून. ते नळांचे मीटर वाचणारे. आयुष्यभर लोकांच्या अंगणातली झाकणं उचलून, वाकून, आत डोकावून आकडे टिपण्यात गेलेलं, त्यामुळे अरुंद जागेत हात घालणं त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. सगळी गल्ली त्यांना मीटरकाका म्हणे. त्यांच्याबरोबर त्यांची बायको होती, तिला मी बाई म्हणतो, आणि बाईंचा धाकटा भाऊ. तो गॅरेज चालवायचा. लहानपणी उशाशी पाना घेऊन झोपायचा, म्हणून बहिणीने त्याचं नाव पान्या पाडलं होतं, आणि केस पिकले तरी ते नाव काही सुटलं नव्हतं.

पुठ्ठ्याच्या खोक्याला एक भोक होतं. मालकांच्या जुन्या व्हॅनमध्ये, इंजिनाच्या मागे, गाडी चालू करणारी मोटर बसवलेली होती. तिला गॅरेजात सेल्फ म्हणतात. ती दोन बोल्टांवर होती. खालचा बोल्ट सोपा होता. वरचा इंजिन आणि पत्रा यांच्या मधल्या फटीत दडलेला होता. मालकांनी त्या फटीचं माप घेऊन तसंच्या तसं खोकं बनवलं होतं, आणि ते दुकानदाराच्या टेबलावर ठेवून एकेक रॅचेट त्यातून घालून बघत होते. दुकानदार आधी हसला, मग बघत राहिला. एका शनिवारी जमलं नाही, दुसऱ्या शनिवारी पुन्हा आले. तिसऱ्या शनिवारी स्टुलावर बसलेल्या बाई म्हणाल्या, "अहो, लग्नाला हो म्हणताना एवढा विचार केला नव्हता तुम्ही."

पान्याचं मत ठरलेलं होतं. बुरूज घ्या, दाजी, गॅरेजात मी दुसऱ्याला हात लावत नाही. पण बुरुजाचं डोकं जाड, ते खोक्यातल्या भोकात अडकलं. सांबर आत शिरला, पण त्याला दात छत्तीसच. पुढचा दात पकडायला दांडा बराच मागे न्यावा लागे आणि तेवढी जागाच नव्हती. मी शिरलो, मान वाकवली आणि बोटभर जागेत कर्र कर्र करत फिरलो. मान पक्की करायचा खटका नाही, हा दोष दुकानदाराने स्वतःहून सांगितला. जोडीला हेही सांगितलं, की टिटवी छापाची खिट्टी आणि स्प्रिंग सुटी मिळते, बिघडलं तर फेकायची गरज नाही.

मालक पान्याला म्हणाले, गॅरेजातल्या माणसाला हत्यार टिकायला हवं, घरच्या माणसाला ते पोचायला हवं. तुझ्याकडे गाडी वर उचलायची सोय आहे, आडवं येणारं सगळं तू काढून ठेवतोस. माझ्याकडे दोन कोपरं आहेत. पान्याने नाक मुरडलं. काम बिघडलं की म्हणाल, नाचता येईना अंगण वाकडं, असं काहीतरी पुटपुटला. पण मी घरी आलो.

आता तुम्ही विचाराल, मेहुण्याचं गॅरेज असताना मालक घरीच कशाला खटपट करत होते? मित्रांनो, बाईंच्या मूत्रपिंडांनी काम सोडलं होतं. आठवड्यातून तीनदा, सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी, त्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाच्या हॉस्पिटलात न्यावं लागे. तिथे चार तास यंत्रातून रक्त धुऊन घ्यायचं, मग घरी येऊन निजायचं. बसचे धक्के त्यांना सोसत नसत. गाडी गॅरेजात दिली की दोन-तीन दिवस अडकते, आणि त्यांच्या आठवड्यात तसे मोकळे दिवस नव्हते. म्हणून जे काही करायचं ते हॉस्पिटलच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये, घराला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये, मालकांनाच करावं लागे. ती करड्या रंगाची खटारा व्हॅन म्हणजे बाईंच्या जिवाचा दोर होता, आणि त्या दोराच्या गाठी आवळायचं काम माझं होतं.

ती चार वर्षं माझ्या सुखाची. शेडमध्ये एक स्टूल होतं, त्यावर बाई बसत. मांडीवर नेलपॉलिशची बाटली. गडद लाल रंगाची, हौसेने घेतलेली आणि नखांवर मुळीच न आवडलेली. मालक बोल्ट आवळत, शेवटचा जोर देत आणि "झालं" म्हणत. मग बाई उठून त्या बोल्टवर एक बारीक लाल रेघ ओढत, डोक्यावरून सुरू करून शेजारच्या लोखंडावर उतरणारी. पुढे कधी बोल्ट जरासा जरी फिरला, तरी रेघ तुटलेली दिसते. रेघ अखंड म्हणजे बोल्ट घट्ट. वरच्या, फटीतल्या बोल्टसाठी त्या काडीला ब्रश बांधत आणि मालक दांडीवरचा छोटा आरसा धरून त्यांना वाट दाखवत. डावीकडे, अजून थोडं, पुरे. दोघांचा हा खेळ तास-तास चाले. जोराने हाताला कळ लागली की मालक थांबत, आणि बाई म्हणत, दमलात तर उद्या करा, मी कुठे पळून जातेय.

झाकण उघडलं की त्या व्हॅनच्या पोटात जिकडेतिकडे लाल रेघा दिसत. पान्या म्हणे, ताई, गाडी आहे की तुझी वही? पण एकदा त्यानेच मान वाकवून वरच्या बोल्टपर्यंत पोचायचा प्रयत्न केला, आपल्या बुरुजाने. नाही जमलं. मग गुपचूप मला मागून घेतलं. काम झाल्यावर मला पुसून परत देताना तो म्हणाला, पोचतो खरा. बहीण गालातल्या गालात हसली. मालक दर सहा महिन्यांनी माझ्या डोक्यावरची पट्टी उघडत, जुनं ग्रीस काढून नवं भरत, स्प्रिंग सुईच्या टोकाने उचलून पुसत आणि पुन्हा जागेवर ठेवत. माझ्याएवढी निगा राखलेला रॅचेट त्या गल्लीत तरी दुसरा नव्हता.

मग बाईंचं शेडमध्ये येणं कमी झालं. आधी स्टुलाला पाठ हवी म्हणून खुर्ची आली. मग खुर्ची रिकामीच राहू लागली. पावलांवर सूज येई, दोन पायऱ्या उतरल्या तरी धाप लागे. मालक रेघा स्वतःच ओढू लागले, पण त्यांचा हात जाड, रेघ पसरट व्हायची. ते म्हणायचे, तुझ्यासारखी जमत नाही. बाई आतून म्हणत, न जमायला काय झालं, लक्ष कुठे असतं तुमचं?

एका रविवारी सेल्फ काढायची वेळ आली. त्याच्या आतला कोळसा, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोचवणारा कार्बनचा तुकडा, झिजला होता. मालकांनी दुपारी मोटर सोडवली, साफ केली, नवा कोळसा बसवला. दुसऱ्या दिवशी सोमवार, सकाळी आठला निघायचं होतं. दोन्ही बोल्ट घासून-पुसून त्यांनी एका बशीत ठेवले आणि पाणी प्यायला आत गेले. मी त्यांच्या शर्टाच्या खिशात होतो. हातातलं हत्यार खिशात टाकायची त्यांची सवयच होती. त्यामुळे ती खोली मी पाहिली. खिडकीजवळ पलंग, उशाशी स्टीलचा ग्लास आणि चमचा, म्हणजे हाक मारायची ताकद नसली तर वाजवता यावा. बाईंनी बशी पाहिली आणि हात पुढे केला.

मला द्या, म्हणाल्या. मालक म्हणाले, अगं, ते अजून बसवायचेत, खूण नंतर करायची असते. बाई म्हणाल्या, "नंतर मला कुठे येता येतंय तिथे? इथेच करते. माझं तेवढंच तर काम आहे."

मालकांना नाही म्हणवलं नाही. मित्रांनो, मला तरी म्हणवलं असतं का? बाईंनी दोन्ही बोल्टांच्या डोक्यांवर एकेक लाल रेघ ओढली. वाळेपर्यंत त्या फुंकर घालत राहिल्या. फुंकर घालतानाही त्यांना दम लागत होता. काम झालं, म्हणाल्या, आणि फार दिवसांनी त्यांचा चेहरा जरा उजळला.

शेडमध्ये येऊन मालकांनी मोटर जागेवर धरली, खालचा बोल्ट पक्का केला. वरचा बोल्ट बोटांनी आट्यांत लावला, मला वर घातलं, माझी मान वाकवली. मी पाच वेळा फिरलो. कर्र कर्र आवाज येत होता, पण बोल्टने अजून जोर मागितलाही नव्हता. आणि आतून ग्लास वाजला.

मालकांनी मला खिशात टाकलं आणि धावले. बाईंना उलट्या सुरू झाल्या होत्या. भांडं धरणं, पाठ चोळणं, चादर बदलणं, तोंड पुसणं, यात तासभर गेला. मी खिशातून त्यांच्या छातीची धडधड ऐकत होतो. बाईंना डोळा लागल्यावर ते परत शेडमध्ये आले. एका जागी काही क्षण नुसते उभे राहिले, आपण कुठवर आलो होतो हे आठवत. मग त्यांनी दांडीवरचा आरसा फटीत घातला, बॅटरी मारली. खालच्या बोल्टवर लाल. वरच्या बोल्टवरही लाल.

"झालंय की," असं म्हणून त्यांनी मला डब्यात ठेवलं.

मी आतून आकांत केला. माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं, की त्या बोल्टला मी पाचच वेळा फिरवलंय? रेघ बोल्टच्या डोक्यावर होती, शेजारच्या लोखंडावर उतरलेली नव्हती. पण आरसा नाण्याएवढा, डोळे थकलेले, आणि चार वर्षांत त्या लाल रंगाने त्यांना एकदाही फसवलेलं नव्हतं. हत्याराला गळा नसतो, मित्रांनो. कर्र कर्र एवढंच येतं, तेही कुणी फिरवलं तरच.

गाडी तीन आठवडे चालली. दर वेळी सेल्फ मारला की तो बोल्ट केसभर सरकत असणार. माझा डबा सीटखाली असायचा, तिथे मला मोटरचा आवाज बदललेला कळत होता, पहिल्यापेक्षा खरखरीत. मालकांनाही कळला. त्यांनी पुन्हा आरसा घालून बघितलं. लाल दिसलं. नवा कोळसा आहे, घासून बसेल, असं म्हणून त्यांनी झाकण बंद केलं.

चौथ्या सोमवारी सकाळी बाईंना बसल्या जागी धाप लागत होती. शनिवार-रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी तसं होतच असे, पण त्या दिवशी ओठ निळसर होते. मालकांनी त्यांना उचलून मागच्या सीटवर बसवलं, किल्ली फिरवली. एक कर्कश आवाज झाला आणि सगळं गप्प. बोल्ट निसटून मोटर तिरकी झाली होती, आणि तिचे दात इंजिनाच्या चाकाच्या दातांत रुतून बसले होते. शेजारच्या चौघांनी गाडी गल्लीभर ढकलली, पण गिअर टाकला की चाकं जागीच आवळत. पान्या शहराबाहेर कुणाची तरी बंद पडलेली गाडी आणायला गेला होता. भाड्याची गाडी यायला सव्वा तास लागला. तेवढा वेळ मालक मागच्या सीटवर बाईंना धरून बसले होते आणि त्यांना सांगत होते, आलीच, आलीच. बाईंनी एकदाच विचारलं, रेघ तुटली का हो? मालक म्हणाले, नाही गं, रेघ ठीक आहे.

हॉस्पिटलात त्यांना ठेवून घेतलं. पान्या संध्याकाळी आला, व्हॅनखाली शिरला, मला डब्यातून काढलं. वरच्या बोल्टवर मला बसवण्याआधी त्याने बोट लावून पाहिलं, तर बोल्ट बोटानेच फिरला. त्याने तो काढून उजेडात धरला. डोक्यावर लाल रेघ, काठावर येऊन थांबलेली. मग त्याने मोटरचं लोखंड बघितलं. तिथे नव्या रंगाचा टिपूसही नव्हता. पान्या पक्का मिस्त्री, त्याला सगळं एका नजरेत कळलं. खूण आधी झाली, काम राहून गेलं. आणि खूण कुणाच्या हातची, हेही त्याला वेगळं सांगावं लागलं नाही. तो बहिणीच्या खुर्चीत बसला. मग उठून त्याने माझ्याच मदतीने तो बोल्ट घट्ट आवळला. मी पुरा जोर दिला, मित्रांनो. उशिराच, पण दिला.

बाई शुक्रवारी गेल्या. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच थकलेलं होतं, सव्वा तासाने फरक पडला असता असं सांगता येत नाही. पडला नसता, असंही ते म्हणाले नाहीत.

त्यानंतर मालक रोज शेडमध्ये येऊन उभे राहत. आलेलं जेवण तसंच परत जाई. त्यांच्या डोक्यात एकच भुंगा. मी तो बोल्ट आवळला होता की नव्हता? ग्लास वाजला तेव्हा कुठवर आलो होतो? शेजाऱ्यांना विचारत, स्वतःला विचारत, एकदा तर मला हातात धरून विचारलं. त्यांची कॉलर सैल झाली, गालफडं बसली. आपण आता कशाला राहायचं, असंही एकदा ते पान्यासमोर बोलून गेले, अगदी साध्या आवाजात, जसं कुणी म्हणावं की दुकान बंद झालं, आता घरी जाऊ.

दुसऱ्या दिवशी दुपारी पान्या आला. मालक अंघोळीला गेले होते. त्याने व्हॅनचं झाकण उघडलं, फडक्याला पेट्रोल लावून ब्रशाच्या काडीला गुंडाळलं आणि वरच्या बोल्टवरची लाल रेघ पुसून टाकली. बहिणीच्या हातच्या शेवटच्या दोन रेघांपैकी ती एक होती. पुसताना तो खाली मान घालून रडत होता. मग त्याने मला घेतलं, डोक्यावरची पट्टी उघडली आणि चिमट्याने माझी स्प्रिंग काढून खिशात टाकली. पट्टी पुन्हा बसवली. सगळं मिळून पाच मिनिटं लागली असतील.

मालक बाहेर आले आणि त्यांनी तोच प्रश्न विचारला. सरळ विचारला. तू काढलास ना तो बोल्ट, खरं सांग, मी आवळला होता का?

पान्या म्हणाला, "आवळला होता, दाजी. तुमचा हात चुकला नाही. हत्यारानं दगा दिला. हे बघा."

त्याने मला टेबलाच्या शिकंज्यातल्या एका बोल्टवर बसवून जोर दिला. माझी खिट्टी घसरली आणि दांडा नुसताच फिरला. तुम्हाला वाटलं घट्ट होतंय, तो म्हणाला, पण हा आतल्या आत घसरत होता. तरी मी तेव्हाच म्हणालो होतो, बुरूज घ्या. एरवी पान्याला खोटं बोलताना घाम फुटतो. त्या दिवशी तो रेटून बोलला.

मालकांनी मला हातात घेतलं, दोन-तीनदा फिरवून पाहिलं. मग भिंतीला टेकून खाली बसले आणि बाई गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडले. पान्या त्यांच्या शेजारी बसला. त्या दिवशी मालक जेवले. पोटभर नाही, पण जेवले.

चूक माणसाची असली की माणूस हत्याराला नावं ठेवतो, ही जगाची रीत. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण पान्यानेच मला दुकानात ऐकवली होती. पण इथे ते अंगण त्यानेच मुद्दाम वाकडं केलं होतं, आणि अंगणाने तक्रार केली नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मला दुःख झालं नाही असं म्हणणार नाही. बहात्तर दात शाबूत असून निकामी ठरणं सोपं नसतं. पण मी पुन्हा फिरायला लागून जेवढं काम केलं असतं, त्याहून मोठं काम मी नुसता पडून राहून करत होतो, हे मला कळत होतं.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. आठेक महिन्यांनी एका दुपारी मालकांनी मला डब्यातून काढलं. दर सहा महिन्यांनी माझं ग्रीस बदलायची सवय हातातून गेली नव्हती, म्हणून असेल. त्यांनी पट्टी उघडली, सुई घेतली आणि नेहमीप्रमाणे स्प्रिंग उचलायला गेले. मग थांबले.

तुटलेली स्प्रिंग तुकडे मागे ठेवते. एखादा तरी कण ग्रीसमध्ये अडकलेला सापडतोच. मालकांनी चष्मा पुसला, सुईच्या टोकाने सगळं ग्रीस उकरून पांढऱ्या कागदावर पसरलं. काही नव्हतं. ग्रीस स्वच्छ, खिट्टी स्वच्छ, स्प्रिंगची जागा रिकामी. स्प्रिंग तुटली नव्हती, कुणीतरी काढली होती. मग त्यांनी आरसा घेतला आणि व्हॅनच्या वरच्या बोल्टकडे बघितलं. गाडीतल्या सगळ्या बोल्टांवर लाल रेघा होत्या. त्या एकावर नव्हती, आणि तिथली रेघ पलंगावर बसून कुणी ओढली होती हे त्यांना आठवलं असणार.

 मला वाटलं, आता हा माणूस संपला. पण त्यांनी मला पुन्हा ग्रीस भरलं, रिकाम्या जागेसकट, पट्टी बसवली आणि फडक्याने पुसून डब्यात ठेवलं.

पुढच्या रविवारी पान्या नेहमीसारखा भेटायला आला. मालक चहा गाळत होते. डबा शेजारीच उघडा होता. त्याच्याकडे न बघता मालक म्हणाले, "तू म्हणालास तेच खरं रे. बुरूज घ्यायला हवा होता."

पान्याने कप हातात घेतला आणि खाली बघत राहिला. दोघांनीही पुढे काही विचारलं नाही. 

मला नवी स्प्रिंग मिळू शकते. दुकानदाराने सांगितलेलं मालक विसरणाऱ्यांतले नाहीत. तरी त्यांनी ती आणलेली नाही, आणणारही नाहीत. आता ते थकलेत. व्हॅन शेडमध्ये उभी असते, टायरांतली हवा गेलेली. बाईंची बाटली खिडकीत आहे, आतला रंग वाळून खडा झालाय. परवा समोरच्या घरातली शिक्षिका आली होती. तिने जुनी गाडी घेतलीय, बारीकसारीक कामं घरीच करायची म्हणते. वळत्या मानेचा रॅचेट कुठला घेऊ, असं तिने मालकांना विचारलं, कारण गल्लीत त्यांच्याइतकं यातलं कुणाला कळत नाही. मालकांनी मला डब्यातून काढून दाखवलं, दोनदा फिरवलं. बघ, म्हणाले, हा घसरतो. याने माझं फार नुकसान केलं. टिटवी छाप घेऊ नको.

मित्रांनो, जाता जाता एवढंच मागतो. हत्यारं पुसून ठेवा, सहा महिन्यांनी ग्रीस बदला. आणि झाल्याची खूण काम झाल्यावरच करा, मग आधी मागणारं माणूस कितीही जिवाचं असो. आणखी एक. तुम्ही मोठे व्हाल, एखाद्या दुकानात तुमच्यासमोर तीन रॅचेट मांडलेले असतील, आणि मागे उभा असलेला कुणी म्हातारा माणूस तुम्हाला सांगेल, टिटवी छाप घेऊ नका. खरं काय ते तुम्हाला आता ठाऊक आहे. तरी त्याच्याशी वाद घालू नका. हो म्हणा, आणि बुरूज घ्या.